संमीलन-भट्टीची भिंत : पोलाद आणि लेप यांचा इतिहास

वऱ्हाडातील कारंजा लाड हे गाव भाषाभ्यासकांना परिचित आहे ते मुख्यतः तेथील जैन ग्रंथभांडारांमुळे. १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ आणि पुढे १९३३ व १९३४ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’ ही अपभ्रंश काव्ये कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाली आणि संस्कृत व मराठी यांच्या मधला एक महत्त्वाचा दुवा अभ्यासकांच्या हाती आला. या दुव्यावरून मागे-पुढे चालत गेले असता संस्कृत ‘तीक्ष्ण’, प्राकृत-अपभ्रंश ‘तिक्ख’ आणि मराठी ‘तिखे’ अशी साखळी लागते. तिखे म्हणजे पोलाद. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द त्याच अर्थाने नोंदलेला आहे. ‘रसरत्नसमुच्चया’त लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील मधल्याचे हे मराठी रूप होय. फारसीतून आलेल्या ‘पोलाद’ या शब्दाने तिख्याला व्यवहारातून हद्दपार केले. तथापि जुने नाव एक गोष्ट स्पष्ट सांगून जाते : आपल्या पूर्वजांनी हा धातू ओळखला तो त्याच्या धारेवरून. धार, काठिण्य, भार सोसण्याची शक्ती या गुणांवरच पोलादाची परीक्षा शतकानुशतके होत आली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका विशिष्ट कामासाठी ही परीक्षा बदलली. हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचे संमीलन घडवून ऊर्जा मिळविणाऱ्या भट्टीच्या आतील भागांसाठी जे पोलाद हवे, त्याच्याबाबत ‘किती मजबूत’ या प्रश्नाइतकाच ‘काम संपल्यावर किती काळ किरणोत्सर्गी राहील’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. या बदलाचा इतिहास मराठीत क्वचितच मांडला गेला आहे. जो मांडला जातो तो बहुधा एका भाकिताच्या अपयशाचा इतिहास असतो.

ते भाकीत डॉ. होमी भाभा यांचे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष या नात्याने बोलताना, संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाभांनी सांगितले. त्या वेळी तुर्भे येथील अणुशक्ती केंद्राची स्थापना होऊन वर्ष-दीड वर्षच झाले होते आणि ‘अप्सरा’ ही भट्टी सुरू व्हायला आणखी एक वर्ष अवकाश होता. १९७५ साल आले आणि गेले, संमीलनाची वीज मिळाली नाही. तेव्हापासून हे भाकीत अतिआशावादाचा नमुना म्हणून उद्धृत होत आले आहे, आणि त्याच्या चुकण्याचे खापर सामान्यतः आयनद्रायूच्या चंचलतेवर फोडले जाते. (‘प्लाझ्मा’ला मराठी विश्वकोशाने दिलेले ‘आयनद्रायू’ हे नाव रुळले नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे. आयन आणि द्रायू हे दोन्ही घटक त्यात उघड दिसतात.)

हा निर्णय अर्धाच खरा आहे. आयनद्रायूला चुंबकीय क्षेत्रात कोंडून धरणे दुर्घट होते यात शंका नाही. १९५८ च्या प्रारंभी ब्रिटनमधील ‘झीटा’ यंत्राविषयी झालेली यशाची घोषणा थोड्याच महिन्यांत मागे घ्यावी लागली. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत टी-३ या टोकामॅकचे निष्कर्ष सादर केले आणि १९६९ मध्ये ब्रिटिश पथकाने मॉस्कोत जाऊन ते मोजून खरे ठरविले, तेव्हा कुठे वाट दिसू लागली. परंतु १९५५ मध्ये जो प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नव्हता तो भिंतीचा. अग्नी पेटला तर त्याभोवतीची चूल कशाची करावयाची? भाभांचे भाकीत अग्नीविषयी होते. चुलीचा प्रश्न पुढे आला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

भिंतीवर काय येऊन आदळते हे प्रथम पाहिले पाहिजे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या एका संमीलनातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा निघते. तिच्यापैकी सुमारे चार पंचमांश, म्हणजे १४.१ दशलक्ष, एकटा न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनला विद्युत्भार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. तो थेट भिंतीत घुसतो आणि तेथे तीन प्रकारची हानी करतो. पहिली, तो पोलादातील अणूंना त्यांच्या जागेवरून उडवितो. भावी वीजनिर्मिती-भट्टीच्या आतल्या भिंतीत तिच्या आयुष्यात प्रत्येक अणू सरासरीने वीस ते पन्नास वेळा जागा सोडील, असा हिशेब केला जातो. दुसरी, अणुकेंद्रांशी होणाऱ्या प्रक्रियांतून पोलादाच्या आतच हेलियम आणि हायड्रोजन वायू तयार होतात. हेलियम बाहेर पडू शकत नाही, तो कणांच्या सीमांवर साचतो आणि धातूला ठिसूळ करतो. विखंडन-भट्टीत हे प्रमाण फार कमी असते, म्हणून तेथील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिसरी हानी अशी की काही मूलद्रव्ये स्वतःच दीर्घायुषी किरणोत्सर्गी बनतात.

पहिल्या हानीची भयंकर बाजू उजेडात आली ती संमीलनाच्या नव्हे तर विखंडनाच्या क्षेत्रात. १९६७ मध्ये कॉथॉर्न आणि फुल्टन या संशोधकांनी स्कॉटलंडमधील डून्रे येथील द्रुत भट्टीत वापरलेले अगंज पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. विस्थापित झालेल्या अणूंच्या रिकाम्या जागा एकत्र येऊन पोलाद आतून फुगत होते. निकेलयुक्त ऑस्टेनिटिक अगंज पोलाद हे तोवर अणु-अभियंत्यांचे लाडके द्रव्य होते. त्याच्यावरचा विश्वास या एका शोधाने डळमळला. लोहाच्या वेगळ्या स्फटिकरचनेचे, म्हणजे फेरिटिक-मार्टेन्सिटिक वर्गाचे पोलाद पुष्कळच कमी फुगते, असे पुढे दिसून आले. अमेरिकेतील ओक रिज येथे १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झालेले, ९ टक्के क्रोमियम व १ टक्का मॉलिब्डेनम असलेले सुधारित पोलाद या वर्गातील होय. ते औष्णिक वीजकेंद्रांसाठी आणि द्रुत भट्ट्यांसाठी उत्तम ठरले. संमीलनासाठी मात्र त्याच्या घटकांची फेरतपासणी करणे भाग होते.

या फेरतपासणीत पोलादाचे मूल्यमापनच उलटे झाले. १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिका, युरोप आणि जपान येथे ‘अल्पसक्रियण’ पोलादाची कल्पना आकारास आली. भट्टीतून काढलेली भिंत साधारणपणे शंभर वर्षांत हाताळण्याजोगी व्हावी, तिला लाखो वर्षे पुरून ठेवण्याचा भार पुढील पिढ्यांवर पडू नये, हा तिचा गाभा. मग मिश्रधातूतील एकेक घटकाची झडती सुरू झाली. मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम-९९ होते, त्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे. नायोबियमपासून होणाऱ्या नायोबियम-९४ चे सुमारे २० हजार वर्षे. निकेलपासून होणाऱ्या निकेल-५९ चे सुमारे ७६ हजार वर्षे. म्हणून निकेल काढले, मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन घातले, नायोबियमच्या जागी टँटलम. हे बदल मनमानी नव्हते. आवर्त सारणीत टंगस्टन मॉलिब्डेनमच्या आणि टँटलम नायोबियमच्या थेट खाली बसते, त्यामुळे पोलादातील त्यांचे वर्तनही बरेचसे सारखे असते. भाऊबंदांपैकी निरुपद्रवी तेवढे घरात घ्यावयाचे, असा हा प्रकार. जपानचे ‘एफ८२एच’ आणि युरोपचे ‘युरोफर९७’ ही या विचाराची पहिली प्रमुख फळे होत.

भारताचा प्रवेश याच टप्प्यावर झाला, आणि तो आडवाटेने झाला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये आयनद्रायू-भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातून १९८६ मध्ये गांधीनगरची आयनद्रायू संशोधन संस्था स्वतंत्र झाली आणि १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा देशातील पहिला स्वदेशी टोकामॅक चालू झाला. म्हणजे भाभांनी दिलेली मुदत संपून चौदा वर्षे झाल्यावर. पुढे दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय भट्टीच्या प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सहभागी झाला, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये पॅरिस येथे करार झाला. त्या काळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद डॉ. अनिल काकोडकर यांच्याकडे होते. भट्टीत स्वतःच्या ट्रिटियम-निर्मिती-कोशाची चाचणी घ्यावयाची तर त्यासाठी स्वतःचे पोलाद हवे, ही निकड येथून निर्माण झाली.

ते पोलाद मात्र आयनद्रायूच्या प्रयोगशाळेत घडले नाही. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने द्रुत भट्ट्यांसाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा जो अभ्यास केला होता, तो येथे कामी आला. हैदराबादच्या मिश्र धातू निगम या कारखान्यात ओतकाम झाले. ९ टक्के क्रोमियम कायम ठेवून टंगस्टन १ ते २ टक्के आणि टँटलम ०.०६ ते ०.१४ टक्के या मर्यादांत बदलत चार वेगवेगळे घाणे काढण्यात आले. टंगस्टन वाढविले की उच्च तापमानात दीर्घकाळ ताण सोसण्याची शक्ती वाढते. परंतु ते १.४ टक्क्यांच्या पुढे गेले की पुनःपुन्हा येणाऱ्या भाराखाली पोलाद मऊ पडू लागते. अखेरीस १.४ टक्के टंगस्टन आणि ०.०६ टक्के टँटलम हे प्रमाण निवडण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. भारताचे अल्पसक्रियण पोलाद ते हेच.

कागदावर प्रमाण ठरविणे सोपे, ते भट्टीत उतरविणे कठीण. नेहमीच्या पोलादात भंगार मिसळलेले असते आणि त्याच्याबरोबर तांबे, निकेल, मॉलिब्डेनम यांचे अंश येतात. पुलासाठी वा रुळासाठी ते क्षम्य असतात. येथे नायोबियमसारखा घटक दशलक्षात काही थोड्या भागांपलीकडे गेला तर शंभर वर्षांचा संकल्प कोलमडतो. म्हणून निवडक शुद्ध कच्चा माल घेऊन निर्वातात वितळविणे आणि पुन्हा निर्वात-चापात वितळविणे अशी दुहेरी प्रक्रिया करावी लागते. अल्पसक्रियण पोलादाचा खरा इतिहास घातलेल्या द्रव्यांपेक्षा वगळलेल्या द्रव्यांचा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या पोलादालाही मर्यादा आहेत. सुमारे ५५० अंश सेल्सिअसच्या वर त्याची ताकद झपाट्याने उतरते, आणि सुमारे ३५० अंशांच्या खाली न्यूट्रॉनांचा मारा झाल्यास ते ठिसूळ होते. एवढ्या अरुंद पट्ट्यात भट्टी चालवावयाची आहे. शिवाय ते चुंबकाकडे ओढले जाते, त्यामुळे बंदिस्त ठेवणाऱ्या क्षेत्रात थोडा विक्षेप येतो.

आता लेपाकडे वळावे. मराठीत धातूवरील लेपाला निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतील भेद या विषयाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. ‘मुलामा’ हा अरबीतून आलेला शब्द शोभेचा. ‘वज्रलेप’ हा मूर्तीला वा वास्तूला टिकाऊ करणारा, वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. ‘कल्हई’ मात्र वेगळी. अरबी ‘कलई’ म्हणजे कथील, आणि मलाया द्वीपकल्पावरील कलह या बंदराशी त्या नावाचा संबंध जोडला जातो. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींच्या कारंजासारख्या जुन्या पेठेत काय किंवा अन्यत्र काय, तांब्या-पितळेची भांडी घरोघर असेपर्यंत कल्हईवाल्यावाचून स्वयंपाकघर चालत नसे. आंबट पदार्थ आणि तांबे यांची गाठ पडू नये एवढ्यासाठी मध्ये कथिलाचा पातळ थर. तो दिसण्यासाठी नसतो, अडविण्यासाठी असतो, आणि झिजला की पुन्हा द्यावा लागतो.

संमीलन-भट्टीला हवी असते ती कल्हईच. तिच्या भिंतीमागील कोशात लिथियमपासून ट्रिटियम तयार करावयाचे असते, कारण निसर्गात तो जवळजवळ नाही आणि त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचेच आहे. भारताने योजिलेल्या चाचणी-कोशात लिथियम टायटनेटचे गोटे आणि त्यांच्याभोवती वाहणारे शिसे-लिथियमचे द्रव मिश्रण अशी रचना होती. हे मिश्रण २३५ अंशांना वितळते आणि येथूनच तीन अडचणी उभ्या राहतात.

वाहते शिसे-लिथियम पोलादाला हळूहळू विरघळविते. उष्ण भागातून निघालेले लोह व क्रोमियम थंड भागात जाऊन साचतात आणि नळ्या तुंबू शकतात. दुसरे असे की द्रव धातू हा विद्युत्वाहक आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रातून तो वाहू लागला की त्यात प्रवाह उत्पन्न होतो, तो पोलादी भिंतीतून आपले मंडल पुरे करतो आणि वाहण्यालाच विरोध करतो. पंपाची बरीचशी शक्ती या विरोधातच खर्ची पडते. तिसरी अडचण ट्रिटियमची. तो हायड्रोजनच असल्यामुळे तप्त पोलादातून झिरपतो.

हायड्रोजन आणि पोलाद यांच्या या सलगीचे प्रत्यंतर कारंजाच्या शेजारीच मिळणार आहे. वाशिमच्या दक्षिणेस हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा मंजूर झाली असून तिला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील निर्वात व्यवस्थेची जबाबदारी गांधीनगरच्या त्याच संस्थेकडे आहे. तेथे पोलादात मुरलेला हायड्रोजन हळूहळू बाहेर पडून निर्वात बिघडवितो, येथे आतला ट्रिटियम पोलाद ओलांडून बाहेर जातो. कारण एकच : हायड्रोजनचा अणू इतका लहान की लोहाच्या जाळीतून त्याला वाट सापडतेच.

तिन्ही अडचणींवर एकच उपाय सुचविला गेला, तो म्हणजे पोलादाच्या आतल्या पृष्ठावर विद्युत्-रोधक मृत्तिकेसारख्या ऑक्साइडचा लेप. ॲल्युमिनियमचे आणि अर्बियमचे ऑक्साइड हे त्यांतील प्रमुख. जपानमध्ये अर्बियमवर भर राहिला. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे पोलादावर ॲल्युमिनियम चढवून ते तापवून ऑक्सिडीकृत करण्याच्या रीती विकसित झाल्या. भारतातही वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडविण्याची रीत आणि आयनद्रायू-फवाऱ्याची रीत या दोहोंवर काम झाले. फवाऱ्याच्या रीतीत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुभव मोठा आहे. ज्या आयनद्रायूला कोंडण्यासाठी भिंत हवी, त्याच्याच झोताने भिंतीला लेप द्यावयाचा, हा योग गमतीचा खरा.

परंतु ही कल्हई सहजसाध्य नाही. ऑक्साइड पोलादाइतके प्रसरण पावत नाही, त्यामुळे तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत त्याला तडे जातात, आणि एका तड्यातून द्रव धातू पोलादाला भिडला की विद्युत्-रोध संपला. लेप पक्का करण्यासाठी जी उष्णता द्यावी लागते तिने पोलादाला दिलेले पाणी उतरण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही उष्णोपचार एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. लिथियम ॲल्युमिनियम ऑक्साइडशी संयोग पावून नवेच संयुग बनविते. आणि ज्या शंभर वर्षांसाठी नायोबियमचे कण वेचले, त्याच हिशेबात ॲल्युमिनियमही अडचणीचे आहे. १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांनी त्याचे ॲल्युमिनियम-२६ होते आणि त्याचे अर्धायुष्य ७ लाख वर्षांहून अधिक आहे. थर काही सहस्रांश मिलिमीटरांचा ठेवला तरच ते सह्य. शेवटची गोष्ट सर्वांत निर्णायक : झिजलेला थर पुन्हा द्यावयास या भट्टीच्या आत कोणी कल्हईवाला जाऊ शकत नाही.

लेप पोलादाचे रक्षण करण्याऐवजी त्याचा घात कसा करू शकतो, याचे उदाहरण ‘इटर’नेच घालून दिले आहे. तेथील उष्णता-कवचाच्या अगंज पोलादी पट्ट्यांवर उष्णतेचे प्रारण कमी व्हावे म्हणून चांदीचा लेप दिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले की त्या पट्ट्यांना जोडलेल्या शीतक-नळ्यांना भेगा पडल्या आहेत. लेपनाच्या पृष्ठप्रक्रियेतून उरलेले क्लोराइड जोडांजवळच्या फटींत अडकले होते, आणि ताणाखालील अगंज पोलादाचा क्लोराइडइतका हाडवैरी दुसरा नाही. कल्हई करणारा भांडे स्वच्छ करण्यासाठी नवसागर वापरतो, तोही एक क्लोराइडच. परंतु भांडे धुऊन पुसून हाती येते. भट्टीतील फट कोणी पुसावी? नळ्या बदलण्याचे मोठे काम त्यामुळे करावे लागले.

भारतीय कारखान्यांचा या भट्टीतील वाटा मुख्यतः पोलादाचाच आहे. सुमारे ३० मीटर उंचीचे आणि ३,८५० टन वजनाचे बाह्य निर्वात-कवच लार्सन अँड टुब्रो या मुंबईस्थित कंपनीने हजिरा येथे खंडशः बनविले आणि त्याचा तळ मे २०२० मध्ये जागी बसला. आतल्या पात्राच्या दुहेरी भिंतींमध्ये बसणारे बोरॉनयुक्त पोलादाचे ठोकळेही भारतातून गेले. बोरॉन न्यूट्रॉन शोषितो म्हणून त्याची योजना. मात्र कवच ऑस्टेनिटिक पोलादाचे आहे, आणि खुद्द ‘इटर’च्या आतील पात्रही निकेलयुक्त ३१६ जातीचेच आहे. त्यात न्यूट्रॉनांचा मारा भावी वीजभट्टीच्या मानाने थोडाच व्हावयाचा आहे, म्हणून ते चालते. अल्पसक्रियण पोलादाला या भट्टीत जागा आहे ती चाचणी-कोशापुरती.

आयनद्रायूच्या थेट समोरच्या पृष्ठाचा इतिहासही लेपांचाच आहे. पूर्वी तेथे कार्बन असे. तो ट्रिटियम धरून ठेवतो म्हणून मागे पडला. जर्मनीतील ‘आस्डेक्स अपग्रेड’ या यंत्राने १९९९ पासून आपल्या कार्बनच्या फरशा टप्प्याटप्प्याने टंगस्टनच्या लेपाने झाकल्या. २०२३ मध्ये ‘इटर’नेही आतल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टन स्वीकारण्याचे ठरविले, आणि टंगस्टनचे जड अणू आयनद्रायूत शिरून तो थंड करू नयेत यासाठी भिंतीवर बोरॉनचा अतिपातळ थर वेळोवेळी देण्याची योजना केली. एवढी एक कल्हई तरी पुन्हा देता येण्याजोगी आहे, कारण ती वायूच्या रूपाने आत सोडता येते.

या सर्व विवेचनात एक उणीव राहते ती प्रयोगाची. जगातील कोणत्याही अल्पसक्रियण पोलादाची, भारतीय पोलादाचीही, संमीलनाच्या खऱ्या न्यूट्रॉनांखाली भट्टीच्या आयुष्याइतकी कसोटी अजून लागलेली नाही. त्या तीव्रतेचा न्यूट्रॉन-स्रोतच आजवर अस्तित्वात नव्हता. आतापर्यंतची बहुतेक अनुमाने विखंडन-भट्टीतील नमुन्यांवरून आणि आयनांच्या माऱ्यावरून काढलेली आहेत, आणि हेलियमचा परिणाम त्यांत पुरता उतरत नाही. स्पेनमधील ग्रनादाजवळ त्यासाठी एक यंत्र उभारले जात आहे. तेथे ड्यूटेरियमच्या केंद्रकांचा झोत द्रव लिथियमच्या वाहत्या पडद्यावर आदळवून हवे तसे न्यूट्रॉन मिळवावयाचे आहेत. ‘इटर’मध्ये ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग, २०२४ मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, २०३९ मध्ये सुरू व्हावयाचे आहेत. तोवर ग्रनादाच्या झोताखालून काढलेले पोलादाचे अंगठ्याएवढे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली आले, तर १९६७ मध्ये डून्रेच्या पोलादात जे दिसले तसे काही त्यांत आहे की नाही, हे प्रथमच पाहता येईल.